लाज कोणी धरावी, आणि कशाची?



वर्षावासात आपण दुःखाविषयी पुष्कळ ऐकतो. जरा, व्याधी, मरण, प्रियजनांचा वियोग ही दुःखे माणूस चारचौघांत सांगू शकतो. शेजारीपाजारी येतात, पाठीवर हात ठेवतात. पण एक दुःख असे आहे की ते माणूस कोणापुढेच उघड करीत नाही. भिक्खूपुढे नाही, घरच्यांपुढे नाही, कित्येकदा स्वतःपुढेही नाही. ते दुःख म्हणजे लाज. नवदीक्षित कुटुंबांत हे दुःख फार खोल रुतून बसलेले असते, म्हणून आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षावासाचे दिवस होते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका कुटुंबाकडे मी ग्रंथवाचनासाठी गेलो होतो. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेले कुटुंब. नवरा कारखान्यात कामाला, बाई घरी शिवणकाम करणारी, मुलगा आठवीत. अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून आतल्या गल्लीत गेले की जुनी दुमजली घरे लागतात, त्यांतल्या एका घराची माडीवरची खोली त्यांनी भाड्याने घेतलेली. खोली स्वच्छ, नीटनेटकी. पण भिंतीवर तसबीर एकही नव्हती.

मी विचारण्याआधीच बाईंनी दार लावून घेतले, खिडकी ओढून घेतली आणि लोखंडी कपाट उघडले. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर चिकटवलेली होती. त्या उघड्या कपाटापुढे मेणबत्ती लावली गेली. मी त्रिसरण म्हणावयास सुरुवात केली, तोच बाई हळूच म्हणाल्या, "दादा, जरा बारीक आवाजात म्हणा. खाली मालकीणबाई हाईत."

आम्ही त्रिसरण पंचशील कुजबुजत म्हटले. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, असे आम्ही चोरासारखे म्हटले!

वाचन झाल्यावर मुलगा म्हणाला, "काका, एक विचारू? कोणी 'तुम्ही कुणापैकी' असं विचारलं तर मी काय सांगायचं?" आईने मान खाली घातली. मग हळूहळू सारे बाहेर आले. खोली घेताना त्यांनी दुसरेच आडनाव सांगितले होते. मुलालाही तेच सांगावयास शिकविले होते. आदल्या आठवड्यात तो एका मित्राकडे जेवावयास गेला. मित्राच्या आजीने नेहमीचा प्रश्न विचारला. तो पढवलेले बोलला. पण नंतर घास घशाखाली उतरेना.

"मला लाज वाटली," तो म्हणाला.

"कशाची?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तेच कळंना. खोटं बोललो त्याची, का आपण जे आहोत त्याची."

बंधूंनो, आठवीतल्या त्या पोराने एका वाक्यात जे विचारले, त्याचे उत्तर द्यावयास मला आजचे हे सारे प्रवचन लागणार आहे.

लाज ही एक नाही, दोन आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे माणसाचा नाश होतो.

पहिली लाज तथागतांनी सांगितलेली. पालीमध्ये तिला 'हिरी' म्हणतात. तिच्या जोडीला 'ओत्तप्प', म्हणजे वाईट कर्माच्या परिणामाचे भय. या दोन धर्मांना तथागतांनी जगाचे रक्षण करणारे म्हटले आहे. हिरी ही माणसाने केलेल्या कर्माशी बांधलेली असते. खोटे बोललो, दुसऱ्याचे लुबाडले, दारूच्या नशेत बायकोवर हात टाकला, तर मनाला जी टोचणी लागते ती हिरी. तिच्यापासून सुटण्याचा मार्गही तथागतांनी आपला पुत्र राहुल याला सांगितला आहे. कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याचा विचार कर. चुकले असेल तर जाणत्यापुढे उघड कर. आणि पुढे सावध राहा. किती सरळ मार्ग! या लाजेला आरंभ आहे आणि शेवटही आहे. चूक सुधारली की ती संपते.

दुसरी लाज कर्माची नाही, ती जन्माची आहे. तुम्ही काय केले हे ती विचारीत नाही. तुम्ही कोण, एवढेच विचारते. तुमचे आडनाव, तुमची वस्ती, तुमच्या आईचे काम, तुमच्या बापाची बोली, या सर्वांवर ती शिक्का मारते. तिला शेवट नाही, कारण सुधारावयास चूकच नाही! याच कोल्हापूर संस्थानात काही जातींच्या माणसांना, त्यांनी गुन्हा केलेला असो वा नसो, रोज हजेरी द्यावी लागे. जन्मलास म्हणून हजेरी दे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली ती पद्धत बंद केली. हजेरीचे पुस्तक मिटले. पण मनातली हजेरी? ती आजही आपण देतो. कोणी विचारण्याआधीच मान खाली घालतो, ती हजेरीच नव्हे काय?

ही दुसरी लाज आपली नाही, ती आपल्यावर लादलेली आहे. ज्याने माणसाला पाणी नाकारले त्याने लाज धरावयाची. ज्याला नाकारले त्याने नव्हे. पण समाजव्यवस्थेने असा उलटा व्यवहार केला, की कर्ज एकाचे आणि व्याज दुसऱ्याच्या माथी.

आणि ही लाज झाकून ठेवल्याने कमी होत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्याचा अनुभव तुम्हा सर्वांना आहे. ओली चादर कोणाला दिसू नये म्हणून ट्रंकेत कोंबली, तर चार दिवसांत तिला बुरशी धरते, आणि शेजारच्या कोरड्या कपड्यांनाही वास लागतो. तीच चादर दोरीवर टाकली तर उशिरा का होईना, वाळते. लपविलेल्या लाजेतून प्रथम खोटे जन्मते, खोट्यातून भीती, भीतीतून राग, आणि तो राग घरातल्या दुबळ्या माणसावर निघतो. कित्येक घरांतल्या दारूचे आणि मारहाणीचे मूळ शोधत गेलात, तर तळाशी अशी एक कोंबलेली ओली चादर सापडेल.

मग ती उघड करावयाची कशी? एकट्या माणसाला ते जमत नाही. त्यासाठी समोर दुसरे माणूस लागते. येथे तथागतांचा एक मोठा शब्द आपल्या उपयोगी पडतो: अनुकंपा. त्याचा सरळ अर्थ पाहा. कंप म्हणजे थरथरणे. एकजण थरथरतो आहे हे पाहून दुसऱ्याचे काळीजही त्याच्याबरोबर थरथरते, ती अनुकंपा. ती कीव नव्हे. कीव माडीवरून खाली पाहते आणि पैसा टाकते. अनुकंपा जिना उतरून खाली येते आणि शेजारी बसते.

सुनीताची कथा आठवा. राजगृहातला हा सफाई करणारा माणूस. पहाटे कचरा उचलीत असता समोरून तथागत भिक्खुसंघासह येताना दिसले. सुनीताला बाजूला व्हावयास जागा मिळेना. त्याने कावड खाली ठेवली आणि हात जोडून तो भिंतीला चिकटून उभा राहिला. जन्मभर त्याला एवढेच शिकविले गेले होते, की थोर माणूस आला की भिंत हो! तथागत काय करतात? ते वाट बदलत नाहीत, नाक दाबीत नाहीत, दुरून आशीर्वादही फेकीत नाहीत. ते त्याच्यापाशी जातात, गोड शब्दांत त्याला विचारतात आणि संघात घेतात. भिंतीला चिकटलेला माणूस भिंतीपासून सुटला तो असा.

पटाचाराची कथा याहून सूक्ष्म आहे. पती, दोन मुले, आईबाप, भाऊ, सारे एकापाठोपाठ गमावून ती वेडी झाली. अंगावर वस्त्र राहिले नाही, त्याचेही भान राहिले नाही. लोक तिला हाकलीत. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले आणि बहीण मानून सावध केले. त्या करुणेच्या शब्दाने तिला भान आले. तिची हिरी परतली, ती खाली बसली आणि एका माणसाने आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. यातले मर्म ध्यानात घ्या. लोकांनी तिला लाज आणावी म्हणून हाकलले, तेव्हा तिला लाज आली नाही. करुणा मिळाली, तेव्हा आली. म्हणजे लादलेली लाज जशी अनुकंपेने गळून पडते, तशी खरी लाज, हिरी, तीही अनुकंपेनेच उगवते. हिणवून कोणी सुधारत नाही. दारूड्याला चावडीवर लाजवून दारू सुटली असे मी अजून पाहिलेले नाही.

आता आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. स्पृश्य नोकरांसाठी असलेल्या हौदाच्या पाण्याला त्यांनी हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांच्या कानावर ही हकीकत गेली, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. एखाद्या न्यायी राजाचे काम येथे संपले असते. पण महाराजांना ठाऊक होते, की पाठीवरचे वळ बरे होतील. मनावरचा वळ चाबकाने बरा होणार नाही. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा करावयास सांगितले, मदत केली, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचे चहाचे दुकान उभे राहिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'.

दुकान निघाले, पण तेथे चहा प्यावयास येणार कोण? अस्पृश्याच्या हातचा चहा! मग महाराजच आले. भर रस्त्यात गाडी थांबवून त्यांनी गंगारामांकडून चहा मागविला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. असे एकदा नव्हे, अनेकदा. असे सांगतात, की सही हवी असलेल्या माणसांनाही महाराज त्या दुकानी गाठावयास लावीत.

बंधूंनो, या चहाच्या कपाचे वजन करून पाहा! महाराज गंगारामांना वाड्यावर बोलावून गुपचूप पैसे देऊ शकले असते. ती कीव झाली असती. त्यांनी भर रस्त्यात, सर्वांच्या डोळ्यांदेखत तो कप ओठांना लावला. ज्या स्पर्शाची लाज गंगारामांवर लादली होती, ती त्यांनी स्वतःच्या ओठांवर घेतली, आणि ती तेथेच विरघळली. अनुकंपेला किंमत मोजावी लागते. जिची काहीच किंमत पडत नाही ती सहानुभूती केवळ तोंडची.

येथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "आम्हांला कोणाची दया नको, राजाचीही नको. आम्हांला हक्क हवेत." बरोबर आहे. हक्कावाचून अनुकंपा लुळी आहे. म्हणूनच शाहू महाराज चहा पिऊन थांबले नाहीत. 1902 साली त्यांनी मागासवर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. आणि 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी लोकांना सांगितले, की तुमचा पुढारी तुम्हांला मिळाला आहे. तो म्हणजे आंबेडकर.

गंगारामांनी एकट्याने पाण्याला हात लावला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागे हजारोंनी ओंजळ भरली. मार तेथेही बसला. पण लाज बसली नाही! कारण या वेळी माणूस एकटा नव्हता आणि कोणा थोराच्या कृपेची वाटही पाहत नव्हता. 1955 आणि 1989 सालच्या कायद्यांनी अपमान करणाराला शिक्षेची तरतूद केली आहे. त्या कायद्यांचा उपयोग करा, बिनदिक्कत करा. पण कायदा अपमान करणाराला तुरुंगात घालील. अपमानिताच्या मनातला तुरुंग फोडणे हे धम्माचे काम आहे. ते आपणच एकमेकांसाठी करावयाचे आहे.

आता पुन्हा शिवाजी पेठेतल्या त्या खोलीत चला.

मुलाचा प्रश्न ऐकून माझ्या जिभेवर उपदेश आला होता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यास आणि आडनाव लपवतोस?" असे म्हणणे सोपे होते. पण तेवढ्यात मला माझीच एक गोष्ट आठवली. माझी आई एका कचेरीत झाडलोट करीत असे. मी हायस्कुलात असताना मित्रांबरोबर त्या कचेरीवरून चाललो होतो. आई दारात केर काढीत होती. मी तिला पाहिले आणि मित्रांशी मोठमोठ्याने बोलत पुढे गेलो. तिनेही मला पाहिले होते. माझी अडचण होऊ नये म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरविले. संध्याकाळी तिने मला वाढले, पण त्याविषयी एक अक्षर काढले नाही. ती गेली, आणि मी क्षमा मागावयाची राहून गेली.

हे मी तोवर कोणालाही सांगितले नव्हते. त्या पोराला सांगितले. मग म्हणालो, "बाळ, तुझ्यामाझ्यापेक्षा थोर माणसालाही हे चुकलेले नाही." आणि त्याला बडोद्याची हकीकत सांगितली. 1917 साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहावयास जागा मिळेना. त्यांना पारशाचे नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरावे लागले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. ही हकीकत आपल्याला कोणी चुगलखोराने सांगितलेली नाही. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते झाकू शकले असते. त्यांनी उघड केले, कारण लाज त्यांची नव्हतीच; ती लाठ्या घेऊन आलेल्यांची होती. आणि ज्याला एकदा नाव लपवावे लागले, त्याचे नाव आज कोणत्या गावात नाही? येथून जवळच बिंदू चौकात त्यांचा पुतळा 1950 साली, ते हयात असतानाच उभा राहिला.

मुलगा ऐकत होता. पण रडू फुटले ते त्याच्या आईला. ती म्हणाली, "दादा, मला वाटत हुतं, मीच तेवढी खोटी. चार घरी खोली नाकारली, मग पाचव्या घरी जीभ वळली." नवरा तोवर गप्प होता. तो म्हणाला, "कारखान्यात मीबी डबा बाजूला बसून खातो. घरात कधी सांगितलं नाही." एका छपराखाली राहणारी तीन माणसे आपापली ओली चादर घेऊन एकटी बसली होती! त्या संध्याकाळी ती प्रथमच एका दोरीवर आली.

मग मुलाने खरा प्रश्न विचारला. "काका, खरं सांगितलं आणि मालकीणबाईंनी खोली सोडा म्हटलं तर?"

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि सोपे उत्तर देणारा धम्मबंधू खरा नव्हे. परक्याच्या जिवावर धीट होणे फुकट असते. मी म्हणालो, "तर माझ्या घरी या. दोन खोल्या आहेत. दुसरी जागा मिळेपर्यंत एक तुमची." हा शब्द देताना मलाही घरच्या अडचणी आठवल्या, नाही असे नाही. पण तो शब्द दिला नसता, तर माझे सारे प्रवचन कीव ठरले असते.

पुढच्या पौर्णिमेला गेलो, तेव्हा तसबिरी भिंतीवर होत्या. खिडकी उघडी होती. मालकीणबाई भाड्यासाठी वर आल्या होत्या, त्यांनी तसबिरीकडे पाहून विचारले होते, आणि उत्तर मुलाने दिले होते: "आम्ही बौद्ध आहोत. आडनाव चुकीचं सांगितलं, ते आमचं चुकलं." पाहा, त्या पोराने दोन्ही लाजा वेगळ्या केल्या! खोटे बोलल्याची हिरी त्याने कबुलीने फेडली. जन्माची लाज मुळातूनच नाकारली. मालकीणबाई काही न बोलता खाली गेल्या. त्यांच्या मनात काय आले ते मला ठाऊक नाही. त्यांनी खोली सोडावयास सांगितले नाही, एवढे खरे. सांगितले असते तरी मुलाचे उत्तर खोटे ठरले नसते.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घरांकडे पाहा. आपल्यावर लाज लादणाऱ्यांना आपण दोष देतो, ते योग्यच आहे. पण आपण कोणावर लादतो का? नापास झालेल्या मुलाला पाहुण्यांदेखत हिणवितो का? नवऱ्याने टाकलेल्या लेकीला "लोक काय म्हणतील" म्हणून मागच्या खोलीत बसवितो का? तथागतांनी सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याला धम्म सांगितला. आपण आजारी शेजाऱ्याच्या घरचे पाणी टाळतो का? दुसऱ्या दलित जातीतला बांधव दीक्षा घेऊन आला, तर त्याच्याशी सोयरीक करताना अजून जुनी पोटजात विचारतो का? असे असेल, तर तेथे हिरी वाटू द्या. ती लाज आपली आहे.

म्हणून या पौर्णिमेपासून एवढे करा. घरात जेवताना मुलांना विचारा, आज कोणी काही बोलले का. आणि ते सांगू लागले की मध्ये उपदेश करू नका, शेवटपर्यंत ऐका. आधी आपली एक गोष्ट सांगा, मग त्यांची मागा. चूक झाली असेल तर कबूल करावयास शिकवा. चूक नसेल तर मान वर करावयास शिकवा. घरातल्या कष्टकरी आईबापांची ओळख आपल्या मित्रांना मोठ्याने करून द्या. मला जे जमले नाही, ते तुम्ही करा. आणि एखादे कुटुंब अडचणीत असेल, तर त्याला धीर देण्यापूर्वी आपल्या घरात त्याच्यासाठी किती जागा आहे ते पाहा.

आणि वंदना मोठ्याने म्हणा. खिडकी उघडून म्हणा.

जयभीम! नमो बुद्धाय!